३४० मिलिसेकंद

जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर हलवत होते, तेव्हा ती फाईल दिसली. तारीख १९९७ची, आकार दीडएक मेगाबाइट, आणि नाव म्हणजे नुसती माझी आणि दादाची आद्याक्षरं. क्वेकवर्ल्डचा, म्हणजे क्वेक या नेमबाजीच्या गेमच्या इंटरनेटवर खेळायच्या आवृत्तीचा, डेमो. तो चालवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून बाजूला ठेवला. पण त्या रात्री झोप लागेपर्यंत डोक्यात तेच घोळत राहिलं.

डेमो म्हणजे व्हिडिओ नव्हे. खेळ चालू असताना सर्व्हरनं आपल्या संगणकाला जे कळवलं, तेवढंच त्यात टिपलेलं असतं: कोण कुठे उभा आहे, कुणाचं रॉकेट कुठून कुठे निघालंय, कोण मेला. चित्र त्यात नसतंच. ते दर वेळी गेम नव्यानं रंगवतो. म्हणून एवढ्याशा फाईलमध्ये अख्खा सामना मावतो, आणि म्हणूनच १९९७ साली चौदा इंची मॉनिटरवर खेळलेला सामना आज मोठ्या पडद्यावर लख्ख पाहता येतो. फक्त आधी क्वेक हवा.

क्वेक आला १९९६च्या जूनमध्ये. आयडी सॉफ्टवेअरचा, डूम करणाऱ्यांचाच. २०२१च्या ऑगस्टमध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओजनं त्याची डागडुजी केलेली आवृत्ती आणली, ती मी घेतली. क्वेकवर्ल्डचा डेमो तिच्यात चालणार नाही हे माहीत होतं. पण कुणाशी खेळण्याआधी मला त्या जागेत एकटीनं शिरायचं होतं.

पहिला मॅप अजून तसाच अंगावर येतो. सोपं, मध्यम की अवघड हे क्वेक मेनूत विचारत नाही. समोर तीन वाटा असतात, ज्या वाटेनं चालाल ती पातळी. चौथी, नाइटमेअर, कुठे लिहिलेलीच नाही. ती चौथ्या भागाच्या दालनातल्या पाण्याखाली दडवली आहे. दादाला ती सापडली तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता, एवढं आठवतं. मी या वेळी थेट तिथेच गेले आणि पाण्यात उतरले. वाट जागेवर होती.

मग स्लिपगेट कॉम्प्लेक्स, मग कॅसल ऑफ द डॅम्ड. ओगर राक्षसाचा बॉम्ब दगडावर टप्पे घेत येतो तो आवाज मी कुठेही ओळखला असता. पण दुसऱ्या मॅपमध्ये मी थांबलेच, कारण मागे काहीतरी वाजत होतं. घुमणारं, जडशीळ, कुठेतरी खोल यंत्र फिरत असावं तसं. आम्ही खेळायचो त्या क्वेकमध्ये हे नव्हतं. शोधल्यावर उलगडा झाला. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरनं केलेलं संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं असायचं, आणि ते ऐकू यायला सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जोडलेली असावी लागे. आमच्या संगणकात ती वायर कुणी जोडलीच नसणार. सगळं लहानपण मी तो गेम शांततेत खेळले, आणि ती शांतता हाच त्या गेमचा स्वभाव आहे असं समजत आले. खरं सांगायचं तर मला ती अजूनही जास्त आवडते. संगीत ऐकत पहिला भाग संपवला आणि मग ते बंद करून टाकलं.

एकट्यानं खेळायचा क्वेक चारही भागांत सारखा उत्तम नाही. जुन्या दगडी वास्तू आणि लष्करी तळ यांची मोट नीट बांधली गेलेली नाही, आणि शेवटच्या बॉसला हत्यारानं मारताच येत नाही, ही गोष्ट मला तेव्हाही पटली नव्हती. फिरणारा काटेरी गोळा बॉसच्या पोटात शिरला की आपण टेलिपोर्टरमध्ये पाऊल टाकायचं. आपण तिथे प्रकट होतो आणि बॉस फुटतो. युक्ती म्हणून ठीक. पण तोवर हातानं जे कमावलं त्याचा तिथे काही उपयोग होत नाही. आठवडाभरात मी हे सगळं उरकलं. मला ओढ डेमोची होती.

१९९९च्या डिसेंबरमध्ये आयडीनं क्वेकचा सोर्स कोड जीपीएल या, कुणालाही तो वापरू-बदलू देणाऱ्या, परवान्याखाली खुला केला. त्यामुळे तेव्हापासून आजवर लोक तो सांभाळत, सुधारत आले आहेत. क्वेकवर्ल्डसाठी मी ईझीक्वेक घेतला, म्हणजे तो खेळायचा आजचा प्रोग्रॅम, क्लायंट. जुनी फाईल त्याच्या फोल्डरमध्ये टाकली, कन्सोल, म्हणजे गेममधली कमांड द्यायची पाटी, उघडून नाव टाइप केलं, आणि डीएम३ मॅप, द अ‍ॅबंडन्ड बेस, समोर उभा राहिला. मी सोळा वर्षांची, रॉकेट लाँचर घेऊन जिन्यावरून उतरत होते.

पहिली दोन मिनिटं मला वाटलं की फाईल खराब आहे. मी रिकाम्या जागी नेम धरत होते. समोरचा डावीकडून उजवीकडे पळतोय आणि माझा नेम त्याच्या पुढे, भिंतीवर. क्षणभर काहीच नाही. मग रॉकेट निघतं, आणि तो धावत येऊन बरोबर त्याच भिंतीशी फुटतो. पुन्हा तेच. दाराकडे नेम, दारात कुणी नाही, रॉकेट सुटलं, आणि आता दारात कुणीतरी आहे. मध्येच मी गुणांची यादी उघडून पाहिली. माझ्या नावापुढे पिंग होता ३४०.

पिंग म्हणजे आपला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. ३४० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. क्वेकमध्ये माणूस जमिनीवर सेकंदाला ३२० एकक धावतो. म्हणजे मी बटण दाबलं आणि त्याचा परिणाम पडद्यावर दिसला, एवढ्यात समोरचा जवळजवळ ११० एकक पुढे गेलेला. एक खेळाडू ३२ एकक रुंद. साडेतीन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढा तो पुढे, आणि रॉकेट तिथवर उडत जायला लागणारा वेळ आणखी वेगळा. ही गणितं तेव्हा मला येत नव्हती. हातांना येत होती.

आणि हे शिकवलं दादानं. घरात एक संगणक, एक मोडेम, एक फोनची लाइन. त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध कधी खेळलोच नाही. एकजण खेळायचा, दुसरा बाजूच्या स्टुलावर. फोन कुणी उचलला की कनेक्शन तुटायचं, म्हणून आम्ही रात्री सगळे झोपल्यावर बसायचो. मोडेम लागताना करायचा त्या किंचाळण्यावर उशी दाबून धरायची, हे माझं काम. दादा स्टुलावर असला की त्याच्या हातात मनगटी घड्याळ असायचं. मार चौपट करणारं क्वाड डॅमेज कुणी उचललं की ते साठ सेकंदांनी पुन्हा येतं. रेड आर्मर, म्हणजे लाल चिलखत, वीस सेकंदांनी. दादा हलक्या आवाजात मोजायचा, सतरा, अठरा, एकोणीस, आणि वीसला मी तिथे असायचे. रेड आर्मर अंगावर असलं की दोनशे गुण संपेपर्यंत शंभरातला ऐंशी मार तेच झेलतं. ते ज्याच्याकडे, मॅप त्याचा. बाकी त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "तो दिसायची वाट बघू नकोस. तो दिसला म्हणजे तो तिथे नाहीये."

हे वाक्य अक्षरशः खरं होतं.

डूममध्ये ही भानगड वेगळी होती. तिथे जास्तीत जास्त चार खेळाडू, आणि सगळे संगणक एकमेकांसाठी थांबत पुढे सरकायचे. एकाची लाइन मंद असली तर सगळेच मंद. क्वेकमध्ये एक सर्व्हर मध्ये बसला. खरं जग त्याच्याकडे, बाकीचे त्याला नुसतं विचारणार. त्यामुळे चालू खेळात कुणीही येऊ लागला, कधीही जाऊ लागला, आणि अनोळखी माणसांशी खेळणं शक्य झालं. पण पहिल्या क्वेकमध्ये पुढे जायची कळ दाबली तरी सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत आपण हलत नसू. मान मात्र आपल्याच संगणकावर वळायची. म्हणजे माउस फिरवला की नजर लगेच फिरे आणि पाय सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानं मागून येत. कोपऱ्यावर वळायचं तर कोपरा यायच्या आधी कळ सोडायची. लाव्हाच्या कडेनं जायचं तर जायचंच नाही.

क्वेकचा प्रोग्रॅमर जॉन कार्मॅकनं १९९६च्या ऑगस्टमध्ये हे उघडपणे मान्य केलं होतं. त्याच्या घरी टी१ ही वेगवान लाइन होती. मोडेमवरच्या लोकांचं जगणं त्यानं अनुभवलेलं नव्हतं. त्याची रचना दोनशे मिलिसेकंदांच्या आतल्या उशिरासाठी होती आणि मोडेमवाल्यांना तीनशेच्या वर लागत होते. त्या डिसेंबरात क्वेकवर्ल्ड आला. त्यात आपला संगणक सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबत नाही. कळ दाबली की तो स्वतःच अंदाज करून आपल्याला पुढे नेतो, आणि उत्तर आल्यावर चूक असेल तर दुरुस्त करतो. आज जवळजवळ प्रत्येक ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात हे असतं. आमच्या घरात ते आलं त्या रात्री दादा दहा मिनिटं नुसता धावत होता. कुणावर गोळी नाही, काही नाही. जिने चढला, उतरला, कडेवरून उड्या मारल्या. "पाय आले," म्हणाला.

पाय आले, पण हात तिथेच राहिले. क्वेकवर्ल्ड अंदाज करतो तो आपल्या चालण्याचा. आपलं रॉकेट मात्र सर्व्हरनं म्हटल्यावरच निघतं, आणि समोरचा माणूस कालचाच दिसतो. डेमोत मी जे पाहत होते ते हेच.

मग मी खरी खेळायला गेले. सर्व्हरच्या यादीत अजून माणसं होती. रात्री उशिरा डीएम३ वर चार विरुद्ध चार, डीएम४ आणि डीएम६ वर एकास एक. जवळचा सर्व्हर निवडला. पिंग २२. मी वीस मिनिटं खेळले आणि माझं एकही रॉकेट थेट कुणाला लागलं नाही.

सगळी पुढे पडत होती. २२ मिलिसेकंदांत माणूस सात एकक सरकतो, म्हणजे कोपराभरही नाही, आणि मी अजून साडेतीन माणसं सोडून नेम धरत होते. एवढ्या वर्षांनी हातांना एवढं नेमकं आठवत असेल अशी मी अपेक्षाच केली नव्हती. संगीत विसरले होते, मॅपची दारं विसरले होते, पण तो सेकंदाचा तिसरा हिस्सा जसाच्या तसा मनगटात बसून होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट तो घालवायचा म्हटल्यावर जिवावर आलं.

पुढचे दोन महिने रोज तासभर मी सराव केला. आधी बोटं. तेव्हा मी बाणाच्या कळांवर खेळायचे, आणि माउसनं वर-खाली बघण्याची सोय कन्सोलमध्ये कमांड देऊन चालू करावी लागायची. आता डब्ल्यू-ए-एस-डी या अक्षरांच्या कळा. ही पद्धत लोकप्रिय केली क्वेकचा नावाजलेला खेळाडू डेनिस फाँगनं, म्हणजे थ्रेशनं. १९९७ साली क्वेकच्या स्पर्धेत त्यानं कार्मॅकची स्वतःची लाल फेरारी जिंकली. अंतिम सामना कॅसल ऑफ द डॅम्डवर झाला, १४ विरुद्ध उणे १. क्वेकमध्ये स्वतःच्या हातून मेलं की एक गुण वजा होतो, म्हणून उणे.

मग उड्या. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि एकदाही कंटाळले नाही. हवेत असताना क्वेक आपला एकूण वेग तपासत नाही. ज्या दिशेची कळ दाबली आहे, त्या दिशेला आपला वेग किती, एवढंच पाहतो. तो कमी असला की थोडा वाढवून देतो. म्हणून उडी मारली की पुढची कळ सोडायची, उजवीकडची दाबायची आणि माउसही उजवीकडेच, पाणी ढवळावं इतक्या मऊपणे, वळवत न्यायचा. दिशा सतत थोडी आडवी राहते आणि वेग थेंबाथेंबानं साठत जातो. पुढची उडी डावीकडे. जमिनीवर पाय टेकण्याआधीच उडीची कळ पुन्हा दाबलेली हवी, म्हणजे घर्षणाला पकडायला क्षणच मिळत नाही. ३२०चे ४०० होतात, ४५० होतात. माउस घाईनं फिरवला की सगळं जातं. कुणी हे मुद्दाम गेममध्ये घातलेलं नव्हतं. खेळणाऱ्यांना ते कोडच्या फटीत सापडलं, आणि सगळा क्वेकवर्ल्ड त्यावर उभा राहिला. ज्या दिवशी मला डीएम६ वर सलग पाच उड्या जमल्या त्या दिवशी मी बराच वेळ नुसती फिरत राहिले. दादाला तेव्हा काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

नेम हळूहळू जवळ आला. साडेतीन माणसांचे दोन, दोनाचं एक. मग रॉकेट लागू लागली.

दादा आता समुद्रापलीकडे राहतो. डेमो मी त्याला पाठवला होता. त्यानं तो पाहिला की नाही हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. मग एका रविवारी त्याचाच फोन आला. "क्लायंट बसवलाय. डीएम६ वर ये."

सर्व्हरवरून बराच काथ्याकूट झाला. माझ्या जवळचा घेतला तर मला २२ आणि त्याला १९०. त्याच्याकडचा घेतला तर उलट. दादा म्हणाला, अर्ध्या वाटेवरचा शोध. आजकाल क्लायंट स्वतःच मधल्या प्रॉक्सींमधून, म्हणजे निरोप पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरांमधून, जवळची वाट काढून देतो. तासभर यादी चाळल्यावर एक सर्व्हर सापडला. मला ९६, त्याला ९८.

दहा मिनिटांचा सामना, कानात हेडफोन, कॉल चालू. तोवर आयुष्यात मी दादाला त्या पडद्यावर समोरून कधी पाहिलं नव्हतं. तो धावायचा कसा हे मला ठाऊक होतं, पण त्याच्या डोळ्यांतून. आता तो कोपऱ्यावरून आला आणि मी त्याला ओळखलं. वळण्याआधी किंचित थबकायची ती लकब, कळ लवकर सोडायची. ९६ मिलिसेकंदांना त्याची गरज नव्हती. त्याच्या पायांत अजून पहिला क्वेक होता.

मी पुढे गेले, मग त्यानं गाठलं. सहाव्या मिनिटाला रेड आर्मर मी उचललं आणि मनात मोजत मॅपच्या दुसऱ्या टोकाला गेले. पंधराला परत फिरले. अठराला मी त्या खोलीच्या दारात होते आणि हेडफोनमध्ये काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. मला वाटलं लाइनमधली खरखर असेल. मग शब्द लागले. "...सोळा, सतरा..." कॉलचा आवाज मागून येत होता. म्हणजे तो माझ्याइतकाच पुढे होता. तो दुसऱ्या दारातून आत आला, वीसला दोघंही त्या एकाच जागी होतो, आणि आर्मर सर्व्हरनं त्याला दिलं.

सामना त्यानं जिंकला, १७-१४.

"तू मोजत होतास," मी म्हटलं.

"हो. तू?"

"मीपण."

तो काही बोलला नाही. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी नवा सामना लावला आणि म्हटलं, "दादा, मोठ्यानं मोज ना."

"अगं, मग मी कुठल्या वेळेला तिथे येणार ते तुला कळेल."

"कळू दे. मोज."

सामना सुरू झाला. पहिलं रेड आर्मर मी उचललं.

"एक," दादा म्हणाला.